‘मदर ऑफ’ आणि ‘मदर टू’ यांतला फरक

२० एप्रिल, रविवार

रोजनिशी सुरू. उद्देश एकच, कामाची शिस्त. भावना लिहायच्या नाहीत. त्यासाठी लोकांकडे व्हॉट्सॲप स्टेटस असतं.

आधी परिस्थिती. इंजिनिअरिंग झालं, पुण्यात तीन वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं, गेल्या मे महिन्यात लग्न होऊन मेहकरजवळ जानेफळला आले. नवरा प्रसेनजित, वीज उपकेंद्रात ऑपरेटर, शिफ्टची ड्युटी. त्याची पहिली बायको वंदना तीन वर्षांपूर्वी डेंग्यूने गेली. त्यांची मुलगी संबोधी, वय सात. आई गेल्यावर दोन वर्षं ती आजोळी, धाड गावाला होती. आमच्या लग्नानंतर इकडे आली. सगळे तिला बोधी म्हणतात. मी संबोधी म्हणते. नाव आहे ते पूर्ण घ्यावं.

काम घरून. एका कंपनीचं इंग्रजी शिकवणारं ॲप आहे. दिसायला सारख्या पण अर्थाने वेगळ्या अशा इंग्रजी शब्दप्रयोगांच्या जोड्या माझ्याकडे येतात. प्रत्येक जोडीतला फरक मराठीत दोन ओळींत लिहायचा, खाली उदाहरण द्यायचं. आजपासून नवी बॅच: आई-बाप होणं. चाळीस जोड्या. ही मला सोपी जाईल. विषयाशी माझा वैयक्तिक संबंध नसल्याने मन मध्ये येणार नाही.

संकल्प: रोज चार जोड्या. दहा दिवसांत बॅच बंद.

२२ एप्रिल, मंगळवार

तीन झाल्या. ‘शी हॅज अ बेबी’ म्हणजे तिला मूल आहे. ‘शी इज हॅविंग अ बेबी’ म्हणजे तिला मूल होणार आहे. एकीत मूल मांडीवर, दुसरीत वाटेवर. मग ‘फादर अ चाइल्ड’ म्हणजे फक्त जन्माला कारण होणं, आणि ‘बी अ फादर टू अ चाइल्ड’ म्हणजे बाप म्हणून वागणं. पहिल्याला वेळ कमी लागतो, असं मी पुढे लिहिलं होतं. पुण्याची रिव्ह्यूअर अपेक्षा हिने ते काढायला लावलं. ॲप कुटुंबांसाठी आहे म्हणे.

घरातही एक पद्धत बसवली आहे. एकदा विचारायचं, जे उत्तर येईल ते धरायचं. इकडे आग्रहाची चाल आहे. पहिलं ‘नको’ मोजत नाहीत, दुसरं ऐकत नाहीत आणि तिसऱ्याला ताटात वाढून मोकळे होतात. मला हे पटत नाही. संबोधी आली त्या आठवड्यात तिने दुसऱ्या भाकरीला ‘नको’ म्हटलं. मी टोपली झाकली. ती बराच वेळ रिकाम्या ताटाकडे बघत बसली. आता पहिल्याच वेळी ‘हो’ म्हणते. सुधारणा झाली.

तिने मला काय म्हणायचं, तेही पहिल्याच दिवशी निकालात काढलं. आई म्हणू का, असं तिने विचारलं होतं. मी सांगितलं, तुझी आई वंदना, मी मावशी. मुलांना चुकीची माहिती देऊ नये. ती ‘बरं’ म्हणाली. परत विचारलं नाही.

२७ एप्रिल, रविवार

धाडहून सिंधूताई आणि इंद्रभानजी आले. वंदनाचे आई-वडील. मी चहा विचारला. सिंधूताई म्हणाल्या, नको बाई, आत्ताच घेतला. मी लॅपटॉपपाशी बसले. थोड्या वेळाने इंद्रभानजी स्टँडवर जाऊन स्वतः चहा पिऊन आले आणि बायकोसाठी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घेऊन आले. संबोधीने तो कपात ओतून दिला, सोबत बिस्किटं ठेवली, आजीने नको म्हटलं तरी ठेवली. जुन्या सवयी लवकर जात नाहीत.

येण्याचं कारण चहानंतर निघालं. त्यांना संबोधी कायमची हवी आहे. त्यांचे मुद्दे: मुलगा पुण्यात स्थायिक झाला, घर खायला उठतं. गावात नवी इंग्रजी शाळा निघाली आहे. पोर दोन वर्षं त्यांच्याच कुशीत झोपली. शेवटचा मुद्दा सिंधूताईंनी माझ्याकडे न बघता भिंतीला सांगितला. उद्या हिचं सोताचं होईन, मंग माह्या वंदीच्या पोरीले कोन पाह्यते.

यात तक्रार करण्यासारखं काही नाही. मुद्दे तर्काला धरून आहेत.

ठरलं असं की सुट्टीभर संबोधी धाडला राहील. बुद्धपौर्णिमेला आम्ही तिकडे जायचं, दुसऱ्या दिवशी घरातल्यांची बैठक बसेल, तेव्हा कायमचं काय ते ठरेल. प्रसेनजित ड्युटीची वेळ झाली म्हणून निघून गेला. ड्युटीला अजून तासभर होता.

माझी भूमिका तटस्थ. इथे राहिली तरी ठीक, तिथे राहिली तरी ठीक. माझ्या कामावर परिणाम शून्य. झाला तर चांगलाच होईल, कारण माझ्या चार्जरवर ओला टॉवेल वाळत घालणारं कुणी उरणार नाही.

३० एप्रिल, बुधवार

‘लुक आफ्टर’ म्हणजे सांभाळणं. ‘टेक आफ्टर’ म्हणजे कुणाच्या तरी वळणावर जाणं. उदाहरण सुचेना. संबोधी फरशीवर पालथी पडून माझं वाचन ऐकत होती. दुपारी तिथे गार लागतं असं तिचं म्हणणं. तिला फरक समजावला. मी वंदीआईसारखी दिसतो ना, ते ‘टेक आफ्टर’, असं ती म्हणाली. पोरांची भाषा आहे, दिसते म्हणायला शिकवायचं आहे. मग ‘लुक आफ्टर’ कोणतं, मी विचारलं. तिने माझ्याकडे बोट केलं.

“तू मले पाह्यतं, ते.”

उत्तर बरोबर होतं. उदाहरणात घेतलं, नावं वगळून.

लगेच लाईट गेली. बॅटरी संपत आलेली. तिने माझा फोन उचलून थेट उपकेंद्रात बापाला लावला. पप्पा, मावशीचं काम चालू हाय, लाईन टाका. असं करू नये हे तिला अनेकदा सांगून झालं आहे. वीज फीडरच्या वेळापत्रकाने येते, कुणाच्या फोनने येत नाही. पाणी पिऊन येईपर्यंत लाईट आली. योगायोग.

उद्या ती जाणार. तिची बॅग भरली. सोबत सिंधूताईंना सांगायच्या गोष्टी पाठ केल्या. टोमॅटो खात नाही. कुरडया कच्च्याच खाते, खाऊ द्यायच्या नाहीत. मच्छरदाणीची एक बाजू रोज उघडी ठेवते, पाय बाहेर काढायला. ती बाजू गादीखाली घट्ट खोचावी लागते.

१ मे, गुरुवार

पोचवून आले. सिंधूताईंना सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, पोरी, हे मीच तं प्रसेनजितले सांगतलं होतं गेल्या साली.

४ मे, रविवार

घर शांत. ठरवलं होतं, या शांततेचा फायदा घेऊन रोज सहा जोड्या करायच्या. तीन दिवसांत झाली एक. कारणं: उकाडा. शेजारी बोअर मारतायत. इंटरनेट. लाईट दोनदा गेली आणि दोन्ही वेळा वेळापत्रकाने आली, म्हणजे संध्याकाळी.

अपेक्षाचा मेसेज आला. उदाहरणं छान आहेत, पण सगळीकडे मुलगी सात वर्षांचीच का, आणि ती प्रत्येक वाक्यात ताटातला टोमॅटो का बाजूला काढते? मी लिहिलं, नमुने सहज निवडले आहेत. तिने लिहिलं, मग सहज एखादा मुलगाही घ्या. घेतला. वय नऊ. त्याला कांदा आवडत नाही असं केलं. दोन वाक्यं लिहून पाहिली. मुलगा खोटा वाटत होता. काढून टाकला.

धाडला फोन करायचा नाही असं ठरवलं आहे. मुलीला तिथे रुळू द्यावं. आज केला, फक्त मच्छरदाणीच्या चौकशीसाठी.

९ मे, शुक्रवार

फोन मच्छरदाणीसाठीच. कालही. परवाही. सिंधूताईंनी आज विचारलं, बाई, तुमच्याकडं मच्छर लई झाले का.

एक जोडी अडली आहे. ‘मदर ऑफ’ आणि ‘मदर टू’. फरक स्पष्ट आहे. ‘मदर ऑफ’ ही नोंद झाली, कुणाची आई, किती मुलांची. ‘मदर टू’ मध्ये वागणं येतं. ‘शी वॉज अ मदर टू हिम’ म्हटलं की बहुतेक वेळा कळायचं ते असं, की ती त्याची आई नव्हती, पण आईचं सगळं तिने केलं. फरक लिहून झाला. उदाहरण सुचत नाही. पेंडिंग.

१२ मे, सोमवार, बुद्धपौर्णिमा. धाड

संबोधी दारातच होती. धावत आली, माझ्यापाशी येऊन थांबली आणि मी काही बोलायच्या आत माझी पिशवी घेऊन आत गेली. रंग रापला आहे. उन्हात फिरू देतात.

सकाळी विहारात गेलो. सगळे पांढऱ्या कपड्यांत. बुद्धवंदना झाली, मग एका गुरुजींनी सिद्धार्थाच्या जन्माची गोष्ट सांगितली. त्याची आई महामाया सात दिवसांत गेली. मावशी गौतमीने त्याला वाढवलं. संबोधी माझ्या मांडीला टेकून बसली होती. तिने मान वर केली.

“मावशी, तो तिले काय म्हणे?”

मी सांगितलं, तसा उल्लेख नाही. तिने खीर संपेपर्यंत विचार केला. मग म्हणाली, आईच म्हणत असन.

हे सिद्ध करता येण्यासारखं नव्हतं.

उद्याच्या बैठकीची तयारी केली आहे. मला विचारतील. पहिल्यांदा विचारलं की सांगायचं, माझी हरकत नाही, निर्णय तुम्हा मोठ्यांचा. हा सभ्यपणा झाला. मग ते पुन्हा विचारतील, कारण इकडची रीतच तशी आहे. तेव्हा मुद्दे मांडायचे. पहिला, जानेफळची शाळा, बाई, मैत्रिणी तिच्या सवयीच्या आहेत, मध्येच बदल नको. दुसरा, बाप तिथे आहे. तिसरा मुद्दा अजून नीट शब्दांत बसलेला नाही. तिसऱ्यांदा विचारतील तोवर बसेल.

माझी भूमिका अर्थात तटस्थच आहे. मुद्दे फक्त नोंदीसाठी.

१३ मे, मंगळवार. परतीच्या बसमध्ये

काय झालं ते क्रमाने लिहिते.

ओसरीवर सतरंजी टाकली होती. इंद्रभानजी, सिंधूताई, वंदनाचे एक काका, आम्ही दोघं. आधी सगळे ऊन आणि कांद्याच्या भावावर बोलले. मग इंद्रभानजींनी घसा साफ केला आणि पहिल्यांदा मलाच विचारलं. मला हे अपेक्षित नव्हतं. त्यांनी मान दिला होता.

“शीला, तुह्यं काय म्हननं हाय पोरी? बोधीले इथंच ठेवू का?”

मी ठरल्याप्रमाणे म्हणाले, “माझी हरकत नाही. निर्णय तुम्हा मोठ्यांचा.”

आणि थांबले. पाण्याचा तांब्या फिरला. काका पाणी प्यायले. मी पहिला मुद्दा मनात दोनदा म्हणून पाहिला. कुणी काही विचारलं नाही. मी इंद्रभानजींकडे पाहिलं. ते सतरंजीचा धागा ओढत होते. मग सिंधूताई काकांना म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात कुत्सितपणा अजिबात नव्हता, उलट कौतुक होतं:

“हिचं एकदाच असते. सांगतलं म्हंजे सांगतलं. साफ मनाची हाय.”

सगळ्यांनी माना हलवल्या. प्रसेनजितने माझ्याकडे पाहिलं, मग सतरंजीकडे, आणि ‘हाव’ म्हणाला.

संबोधी दाराच्या चौकटीत उभी होती. हातात मीठ लावलेली कैरी. कधीपासून उभी होती हे सांगता येणार नाही. कैरी तशीच धरून आत गेली.

निघताना ती स्टँडपर्यंत आली. माझी पाण्याची बाटली भरून आणली होती, ती माझ्या पिशवीत खोचून ठेवली. मी मागितली नव्हती. बस सुटताना तिने हात हलवला. मीही हलवला. दोघींकडूनही सगळं नीट पार पडलं.

१४ मे, बुधवार

प्रसेनजित सकाळी म्हणाला, एकदा तरी नाही म्हणाले पाह्यजे होतं तुनं. मी म्हणाले, तू बाप आहेस, तू का नाही म्हणालास? तो बराच वेळ डबा बंद करत होता. झाकण नीट बसत नव्हतं.

“मले वाटलं तुले ती नकोच. तू तिले आई म्हणू देल्लं नाही.”

मी समजावून सांगितलं की ते अचूकतेसाठी होतं. तो ऐकून ड्युटीवर गेला. डबा राहिला.

निष्कर्ष: चूक प्रक्रियेतली आहे आणि ती त्यांची आहे. आग्रहाची चाल आहे तर ती सगळ्यांना सारखी लागू हवी. भाकरीला तीनदा विचारतात आणि मुलीला एकदा. पुण्यात असती अशी सिस्टीम तर मी पहिल्याच दिवशी परत पाठवली असती.

१९ मे, सोमवार

दिनक्रम आखला. सकाळी चालणं, दुपारी जोड्या, संध्याकाळी वाचन. चालून आले. चालताना वाटेत शाळा लागते, बंद आहे. उद्यापासून दुसऱ्या रस्त्याने जायचं.

आता भाजीत टोमॅटो बिनधास्त घालता येतो. सोय झाली. आज वांग्यात घातला. प्रसेनजितने तो एकेक फोड करून ताटाच्या कडेला लावून ठेवला. विचारल्यावर म्हणाला, मला लहानपणापासून आवडत नाही. वर्षभर हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. ती शेजारी बसायची आणि दोघांच्या फोडी एकाच ताटाच्या कडेला जमायच्या.

टेक आफ्टर.

२६ मे, सोमवार

‘पेरेंटहुड’ हे पद आहे, ‘पेरेंटिंग’ हे काम आहे. काम न करता पद राहतं. पद नसताना काम करता येतं, पण मग ते काढून घेतलं तर कुठे दाद मागायची सोय नसते. ‘मटर्नल’ रक्ताकडून येतं, म्हणून आईचे वडील ‘मटर्नल ग्रँडफादर’. ‘मदरली’ वागण्यातून येतं, त्याला आजोबा वगैरे नसतात.

अपेक्षाने दोन्ही परत पाठवल्या. यूजर फक्त अर्थ विचारतो आहे, असं लिहिलं. खाली लिहिलं, तू बरी आहेस ना? मी कळवलं, हो, लाईटचा प्रॉब्लेम आहे.

फोनवर संबोधी आता कमी बोलते. शाळेत नाव घातलं, वर्गात एक टीव्ही आहे, कुत्रीला पिल्लं झाली. मी विचारते तेवढ्याला उत्तर देते. मच्छरदाणी, हो. जेवलीस, हो. अभ्यास, हो. सगळी उत्तरं स्पष्ट आणि एका शब्दात. मला हेच हवं होतं.

१० जून, मंगळवार

एकोणचाळीस झाल्या. चाळिसावी तीच, ‘मदर टू’. अपेक्षा थांबून कंटाळली आणि उदाहरण तिनेच टाकलं. ‘माय आंट वॉज अ मदर टू मी.’ माझी मावशीच माझी आई झाली. चालेल ना, असं तिने विचारलं.

तपासलं. वाक्यात चूक नाही. अप्रूव्ह केलं.

नंतर भांडी घासली. घासलेली होती ती पण.

१५ जून, रविवार

निर्णय झाला. धाडला जायचं. विदर्भातल्या शाळा २३ला उघडतात, त्याच्या आदल्या दिवशी. कारण ठोस आहे: तिचे पावसाळी बूट इथे राहिले आहेत आणि ढग येऊ लागले आहेत. बूट पोचवणं हा मुख्य उद्देश. जोडीला तिसरा मुद्दा मांडून यायचा. तो आता शब्दांत बसला आहे. घरी चल, मला तू हवी आहेस. एवढाच आहे. आधी इतका लांब का वाटत होता, कळत नाही.

आधीचा निर्णय बदलता येतो. इथल्या शाळेतून नाव अजून काढलेलं नाही, मी हेडमास्तरांना भेटून खात्री केली. सिंधूताई रडतील, त्यांना महिन्यातून दोन रविवार देता येतील. प्रसेनजितला सांगितलं, बुलडाण्याला काम आहे. त्याने काही विचारलं नाही. संध्याकाळी पाहिलं तर माळ्यावरची तिची सायकल खाली काढून तो हवा भरत होता.

यश जवळपास निश्चित.

२२ जून, रविवार. बुलडाणा ते मेहकर, बसमध्ये

अक्षर हलतंय, रस्ता खराब आहे.

पोचले तेव्हा संबोधी पायरीवर बसून आजीच्या डोक्याला तेल लावत होती. सिंधूताई खालच्या पायरीवर, डोळे मिटून. मला बघून त्या उठल्या, चहा टाकते म्हणाल्या, मी हो म्हणाले. बूट काढून दाखवले. तिने घालून पाहिले. बोटं आत मुडपली. दीड महिन्यात पाय वाढला आहे. काही हरकत नाही, मावशी, बाजूच्या पोरीले होतीन, असं ती म्हणाली.

आत स्टोव्हचा आवाज होता. मी म्हणाले, “संबोधी, तुला जानेफळला परत न्यावं असा माझा प्रस्ताव आहे.”

घरून वेगळं वाक्य घेऊन निघाले होते. हे कुठून आलं माहीत नाही. तिने तेलाचा हात फ्रॉकला पुसला.

“तू हे त्या दिवशी काऊन नाही म्हटलं?”

मी म्हणाले, मला दुसऱ्यांदा कुणी विचारलं नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. तिचा वरचा एक दात पडला आहे. मला कळवलं नव्हतं.

मग तिने आतल्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “आता नाही येता येत, मावशी. आजी रातच्याला उठून बसते, वंदी वंदी करते. मी हात धरला की झोपते.”

मी पुन्हा विचारलं. तिने मान हलवली. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ठरलेलं वाक्य आलं एकदाचं, मला तू हवी आहेस, पण तोवर सिंधूताई चहा घेऊन दारात आल्या होत्या आणि संबोधी त्यांच्या हातातला ट्रे घ्यायला उठली होती. ऐकलं की नाही, सांगता येत नाही. चहात साखर माझ्या अंदाजाची होती. ती कुणी सांगितली असणार, तेही विचारलं नाही.

बुलडाण्याला बस बदलली. दोघांची सीट मिळाली. कंडक्टर आला. मी म्हणाले, मेहकर, एक लेडीज, एक हाफ. सकाळी निघताना हे मनात इतक्यांदा म्हटलं होतं की ते आपोआपच बाहेर पडलं. लेडीजला अर्धं तिकीट, मुलांना अर्धं, दोघी मिळून एक पूर्ण. कंडक्टरने मशीनमधून कागद काढून दिला आणि पुढे गेला. परत करायचा तर कारण सांगावं लागलं असतं. ठेवून दिला. खिडकीची जागा मोकळी सोडली.

चिखलीला गाडी भरली. एका गृहस्थांनी विचारलं, इथं कोणी हाय का. मी म्हणाले, आहे. तिकीट होतंच, तेव्हा हे खोटं धरता येणार नाही. ते दांड्याला धरून उभे राहिले. गाडी निघाली. स्टँडच्या फाटकाबाहेर आल्यावर त्यांनी रिकाम्या जागेकडे पाहिलं, माझ्या हातातल्या तिकिटाकडे पाहिलं आणि घंटीची दोरी ओढली. ओ ड्रायव्हरसाहेब, थांबवा, बाईची पोरगी खाली राह्यली.

गाडी थांबली. डाव्या बाजूचे सगळे खिडकीतून वाकून बघायला लागले. एक बाई उठून दारापर्यंत गेली. कंडक्टर गर्दीतून माझ्यापर्यंत आला, कपाळावर घाम, घाबरलेला. नाव काय, दिसते कशी, विचारलं. मी सांगितलं. संबोधी. वय सात. वरचा एक दात पडलाय. निळा फ्रॉक, त्याला पुढे तेलाचा हात.

“तुमचीच ना?”

“हो.”

“मंग कुठं उतरली?”

मी म्हणाले, धाडला. आजीकडे.

त्याने माझ्याकडे पाहिलं. दोनदा घंटी दिली.

मी खिडकीकडे सरकायला हवं होतं. सरकता आलं नाही. ते गृहस्थ माझ्या गुडघ्यांपुढून आत गेले आणि अगदी पत्र्याला चिकटून बसले, पिशवी मांडीवर घेऊन. आमच्या दोघांच्या मध्ये एका लहान मुलीपुरती जागा आहे. मेहकर जवळ आलं. ते अजून तसेच बसलेत.